तुफान बसला आणि पहिला आला

समस्त बैलगाडा मालक, गाडाशौकीन, यात्रा कमिट्या, हलगीवाले आणि या सर्वांचे सासुरवाडीकडचे नातेवाईक यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की गेल्या चैत्रात नाणे मावळातल्या एका यात्रेत जो बैल ‘घाटाचा राजा’ म्हणून माईकवरून पुकारला गेला, तो त्या दिवशी घाट पुरा पळाला नव्हता. तो बसला होता. सदर घटनेमागे भावकी, भानामती अथवा राजकारण नसून एक चाचणी होती, आणि ती मी घेत होते. तरी कोणीही अफवांवर विश्वास ठेवू नये. खरी हकीकत अफवेपेक्षा जास्त मजेशीर आहे.

गावाचं नाव मी सांगणार नाही. मला दरवर्षी तिथूनच इंद्रायणी तांदूळ आणायचा असतो.

मी डेटाबेसची कामं करते. तळेगावात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आमचं म्हणजे माझं आणि विनायकचं. विनायक माझा नवरा. घरी मी त्याला विनायक म्हणते, गिऱ्हाइकासमोर ‘अहो’ म्हणते आणि काम बिघडलं की आडनावाने हाक मारते. तो प्रोग्राम लिहितो, मी क्वेरी लिहिते. ही दोन्ही कामं एकच आहेत असं पुष्कळांना वाटतं. भाजी आणणं आणि भाजी करणं हेही त्यांना एकच वाटत असणार.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. क्वेरी म्हणजे त्या कोठाराला विचारलेला प्रश्न किंवा सोडलेला हुकूम: अमुक दाखव, तमुक बदल, हे काढून टाक. आणि प्रोग्राम म्हणजे तो प्रश्न घेऊन कोठारात जाणारा गडी. हा गडी अतिशय आज्ञाधारक. प्रश्न अडाण्यासारखा असला तरी तो हसत नाही, डोकं खाजवत नाही. चुकीचं उत्तर नीट घडी घालून, रंगीत कागदात बांधून, वर फुलं लावून आणून देतो. फुलं लावायचं खातं विनायककडे.

म्हणून माझा नियम असा, की गड्याच्या हाती प्रश्न देण्याआधी आपण स्वतः कोठाराच्या दारात जायचं. डेटाबेसची स्वतःची एक काळी खिडकी असते. तीत प्रश्न हाताने लिहायचा आणि आलेलं उत्तर डोळ्यांनी बघायचं. काही काढून टाकायचं असेल तर आधी ‘काढ’ म्हणायचं नाही, आधी ‘दाखव’ म्हणायचं. जे दाखवील तेच जाणार असतं. ते बघून खात्री पटली, तरच ‘काढ’.

याचा आणखी एक फायदा आहे, तो कुठल्याही पुस्तकात दिलेला नाही. क्वेरी खिडकीत नीट चालली आणि प्रोग्राममध्ये बिघडली, तर चूक विनायकची. खिडकीतच बिघडली, तर माझी. आमच्या संसाराला वकील लागला नाही तो या खिडकीमुळे.

लोणावळ्याचे एक चिक्कीवाले काका आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांना हे ‘बघण्याचं’ काम पटेना. “म्हणजे तुम्ही काम करायच्या आधी नुसतं बघत बसता? आणि त्याला काम म्हणता?” असं त्यांनी मला कढईशेजारी उभं करून विचारलं. विचारता विचारता त्यांनी उकळत्या गुळाच्या पाकाचा एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकला, बोटाने उचलला आणि मोडून बघितला. तो ताणला गेला. “कच्चा आहे,” ते आचाऱ्याला म्हणाले, “शेंगदाणे टाकू नको अजून.” मी नुसतं वाटीकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काका मोठमोठ्याने हसायला लागले आणि त्यांनी मला पाव किलो चिक्की फुकट दिली. तेव्हापासून आमच्या ऑफिसात चाचणीला ‘थेंब’ म्हणतात. “थेंब बघितलास का?” असं मी विचारलं की विनायक कॉफी करायला उठतो.

थेंबात कधी कधी भलतंच काही दिसतं. कुसगावच्या एका भाड्याच्या बंगल्याच्या बुकिंगचा प्रोग्राम आम्ही करून दिला होता. बंगला सांभाळणाऱ्या मावशी मोबाइलवरून नोंदी टाकायच्या. मालकांना हवं होतं की रोज जे पाहुणे येणार, त्यांना सकाळी आपोआप स्वागताचा निरोप जावा. विनायकने गुलाबाची पाकळी उडणारा निरोप तयार ठेवला होता. मी म्हटलं, आधी थेंब. खिडकीत विचारलं, ‘आज येणारे पाहुणे दाखव.’ एक पाहुणा दिसला. उद्याचे विचारले, तोच. परवाचे, तोच. एकच गृहस्थ रोज दुपारी येत होते, कोपऱ्यातल्या खोलीत राहत होते आणि चहाच्या वेळेला जात होते. नाव नुसतंच ‘पाव्हणं’. मोबाइल नंबर मावशींचा.

मी फोन केला. मावशी जराही गडबडल्या नाहीत. “व्हय, मीच हाय ती. त्या खोलीत पंखा लय ग्वाड हाय म्याडम. दुपारची जरा पाठ टेकते. कुनी बुक करू नये म्हनून पाव्हणं टाकते.”

“मावशी, आम्ही निरोप सुरू केला असता तर रोज सकाळी तुम्हाला ‘आपलं स्वागत आहे’ आलं असतं!”

“मग येऊ द्या की,” मावशी म्हणाल्या, “एवढ्या वर्सांत कोन म्हनलंय?”

मी क्वेरीत एक ओळ वाढवली आणि मावशींना वगळलं. मालकांना काही सांगितलं नाही. मावशींना मात्र गुलाबाची पाकळी एकदा पाठवली.

एवढी प्रस्तावना झाल्यावर आता बैल आणते.

बाहेरच्यांसाठी आधी सांगायला हवं, की आमच्याकडे बैलगाड्याचा घाट म्हणजे खंडाळ्याचा घाट नव्हे. यात्रेत शर्यतीसाठी चढाची एक लांब धावपट्टी केलेली असते, तिला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा खालून वर पळतो. वर घड्याळवाले बसलेले असतात. ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागला, तो घाटाचा राजा. बैलांच्या अंगावर मुठीमुठीने भंडारा उधळतात, हलगी कडाडते आणि तो मान वर्षभर पुरतो. कपाटातल्या ढालीपेक्षा बोलण्यात जास्त.

या गावात आदल्या यात्रेत निकालावरून बरीच हमरीतुमरी झाली होती. कारण होते निवेदक बाळूभाऊ. बाळूभाऊंच्या हाती माईक आला की त्यांचा आवाज छातीतून निघत नाही, थेट शेजारच्या गावातून येतो. पण त्यांना जो गाडा आवडेल तो ते पहिला पुकारायचे. म्हणून कमिटीने ठरवलं, यंदा सगळं कम्प्युटरवर. गाड्यांची नोंद, वेळा, निकाल, आणि व्यासपीठावर मोठा पडदा. काम आमच्याकडे आलं. विनायकने निकालाच्या बटणासाठी चांदण्या, तुतारी आणि फिरणारा फेटा तयार केला. तो ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो तिचं नाव पायथन, म्हणजे अजगर. हा शब्द बैलांच्या आसपास उच्चारायचा नाही, असं मी त्याला बजावून ठेवलं.

यात्रेच्या सकाळी मी दोन सूचना दिल्या. त्या दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिली बाळूभाऊंना. “भाऊ, पडद्यावर येईल तेच पुकारायचं. मनातलं घालायचं नाही.”

बाळूभाऊंचा चेहरा पडला. “ताई, मनातलं न्हाई घालायचं, तर मग मानूस कशाला ठिवलाय? भोंगा ठिवा की.”

शेवटी तोड निघाली. माहिती पडद्याची, अलंकार बाळूभाऊंचे.

दुसरी सूचना नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या वैशालीला. वैशाली वडिवळ्याची लेक आणि परंदवडीची सून. बीकॉम झालेली, बोटं टायपिंगला चपळ. मी तिला सांगितलं, “गाड्याचा मालक म्हणून कुणी पुढाऱ्याचं नाव सांगेल, कुणी नातवाचं. ऐकायचं नाही. गाड्यातल्या मुख्य बैलाच्या डॉक्टरच्या दाखल्यावर जे नाव, तेच टाकायचं.”

“दाखल्यावरचंच ना ताई? नक्की?”

“नक्की.”

“कुणी काही म्हणालं तरी?”

“कुणीही.”

ती कीबोर्डकडे बघत म्हणाली, “ताई, तुम्हाला एक सांगू? आज माझ्या पोराचं नाव ठरणार आहे.”

प्रकार असा होता. वैशालीचा मुलगा पालथा पडायला लागला, ओठांचे फुगे करायला लागला, तरी त्याचं बारसं झालं नव्हतं. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा रिकामी. कारण दोन आजोबा. वडिवळ्याचे आबा, म्हणजे वैशालीचे वडील, त्यांना नातवाचं नाव ठेवायचं होतं तुफान. हे त्यांच्या लाडक्या बैलाचं नाव. परंदवडीचे सोपानराव, म्हणजे तिचे सासरे, त्यांना ठेवायचं होतं हिरामण, कारण त्यांच्या गाड्याच्या मुख्य बैलाचं नाव हिरा. दोन्ही व्याही गाडाशौकीन, दोघेही हट्टी. शेवटी सगळ्या पाहुण्यांसमक्ष पैज लागली, की ज्याचा बैल या घाटाचा राजा होईल, त्याने नाव ठेवायचं. दोघांपैकी कुणाचाच झाला नाही तर पुढच्या यात्रेपर्यंत थांबायचं.

“म्हणजे तोवर त्याला काय म्हणायचं?” मी विचारलं.

“बाळ,” वैशाली म्हणाली. “शाळेत जाईपर्यंत बाळच म्हणणार बहुतेक. ताई, दोघंही आपापल्या बैलाचं नाव पोराला लावायला निघालेत. मला कुणी विचारलंच नाही. मी फक्त आई आहे.”

माझ्या हाती काही नव्हतं. मी तिला चिक्की दिली.

शर्यती सुरू झाल्या. ऊन मी म्हणत होतं. व्यासपीठावर मी, विनायक, लॅपटॉप आणि कमिटीचे अध्यक्ष. पडदा आमच्या पाठीमागे. गाड्यामागून गाडा वर येत होता, वेळा नोंदल्या जात होत्या. सोपानरावांचा हिरा असा सुटला की बाळूभाऊंचे अलंकार मागे पडले. सोपानरावांनी आनंदाने कारखान्याची टोपी हवेत उडवली, ती दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसली.

मग आला आबांचा तुफान. निशाण पडलं, गाडा सुटला, धुरळा उडाला. निम्मा घाट झाला आणि तुफान थांबला. का थांबला ते त्यालाच ठाऊक. त्याने डावीकडे बघितलं. डावीकडे बर्फाच्या गोळ्याची गाडी होती. मग एखादे पाहुणे लग्नात योग्य सतरंजी बघून बसतात तसा तो पुढचे पाय दुमडून, मागचे दुमडून, नीट बसला आणि रवंथ करू लागला. आबा धावत गेले. त्यांनी आधी हुकूम केला, मग विनवणी केली, मग तुफानच्या कानात काहीतरी खाजगी सांगितलं. तुफानने ऐकून घेतलं. उठला मात्र नाही. शेवटी गाडा बाजूला घेतला. वेळेच्या रकान्यात काहीच भरलं नाही, कारण भरायला काही नव्हतंच.

सगळे गाडे संपले. निकालाची वेळ झाली. घाटात एवढी माणसं आणि एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती. विनायकचं बोट बटणाकडे निघालं.

“थांब,” मी म्हटलं. “थेंब.”

“आत्ता?” तो कळवळला. “तू ऑफिसात बघितलायस थेंब.”

बघितला होता. पण ऑफिसात मी खोटे गाडे भरून बघितला होता. बैलांना विनायकच्या काकांची नावं दिली होती आणि ते सगळे शिस्तीत वर पोचले होते. माझ्या कल्पनेतला बैल कधी बसला नव्हता. खरी माहिती आली की थेंब पुन्हा बघायचा, मग समोर हजारो माणसं असोत नाहीतर साक्षात सासूबाई. मी काळी खिडकी उघडली आणि लिहिलं: गाडे वेळेप्रमाणे लाव, कमीकडून जास्तीकडे, आणि पहिला दाखव.

एक ओळ आली. तुफान. मालक, वडिवळ्याचे आबा. वेळेच्या जागी ‘नल’.

नल म्हणजे रिकामं. शून्य नव्हे, शून्य ही निदान संख्या तरी असते. नल म्हणजे काही नोंदलेलंच नाही. आणि आमच्या डेटाबेसचा स्वभाव असा, की कमीकडून लावायला सांगितलं की तो रिकाम्याला सगळ्यांच्या आधी बसवतो. त्याच्या मते ज्याला वेळच लागला नाही, तो सगळ्यांत वेगवान.

मला मनापासून आनंद झाला. थेंब ताणला गेला होता, पाक कच्चा होता आणि शेंगदाणे अजून माझ्या हातात होते. मी विजयी मुद्रेने विनायककडे वळले, “बघितलंस? याच्यासाठी...”

आणि माझ्या पाठीमागून, चारही भोंग्यांतून, शेजारच्या गावातून आवाज आला.

“मंडळीऽऽऽ! घाटाचा राजाऽऽऽ! वडिवळ्याची शान, मावळचा मान, आबांचा तुफाऽऽऽन!”

मी गर्रकन मागे बघितलं. माझी काळी खिडकी पडद्यावर होती, बैलगाडीएवढी. अध्यक्षांना दुपारी पडद्यावर कुणाचा तरी सत्काराचा फोटो दाखवायचा होता, म्हणून पडदावाल्याने लॅपटॉपची वायर तेव्हाच जोडून ठेवली होती. सगळी यात्रा माझा थेंब बघत होती. फक्त मला पडदा दिसत नव्हता.

“आणि वेळ!” बाळूभाऊ गरजले, “वेळ... नल! नल सेकंद मंडळी! असली वेळ या घाटात आजवर ऐकली न्हाई!”

हे मात्र अक्षरशः खरं होतं.

हलगी कडाडली. भंडाऱ्याचा पिवळा ढग उठला आणि तुफानवर उतरला. तुफान अजून रवंथच करत होता. आबा नाचत होते. मी व्यासपीठावरून ओरडले, “आबा, अहो तुमचा बैल बसला होता ना!”

“म्हाईताय मला,” आबा नाचता नाचता म्हणाले, “पन माईकवर आलं म्हंजी त्यांनी कायतरी बगूनच दिलं आसंल!”

आणि खालून सोपानराव आले. टोपी नव्हती, पण बाकी सगळा राग होता. “बसल्याला बैल राजा? मग आमी काय येडं म्हनून पळवलं व्हय? आमाला बी सांगायचं, सतरंज्या घिऊन आलो असतो!”

माणसं उभी राहिली. अध्यक्ष घामाघूम झाले. त्यांची अडचण निराळीच होती. “ताई, चूक दुरुस्त व्हईल. पन अंगावर पडल्याला भंडारा काढायचा कसा? कुनी काढल्याला न्हाई आजवर.” बाळूभाऊ माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, “ताईंनीच सांगितलं, पडद्यावरचंच पुकारा! मनातलं मी एक अक्षर घातलं न्हाई!”

त्या सगळ्या गदारोळात विनायक माझ्या कानाशी वाकला. लग्न झाल्यापासून तो या वाक्याची वाट बघत असावा. अतिशय प्रेमाने म्हणाला, “बरं का, प्रोग्राम अजून चाललेलाच नाहीये.”

मी त्याला आडनावाने हाक मारली आणि माईक ओढून घेतला. सांगितलं, की हा निकाल नव्हता. ही चाचणी होती. निकाल अजून व्हायचाय.

“चाचनी म्हंजी?” खालून कुणीतरी ओरडलं.

“पाकाचा थेंब,” मी म्हटलं. मावळात चिक्की कुणाला शिकवावी लागत नाही. माणसं हळूहळू खाली बसली. “आता दुसरा थेंब बघते. तुम्हीही बघा.”

मी वळले आणि लिहायला लागले. आणि माईक परत बाळूभाऊंच्या हाती गेला. पडद्यावर काही हललं की पुकारायचं, ही सूचना त्यांना होतीच.

“ताईंनी खिडकी उघडली मंडळी! ताईंनी बोटं मोडली! ताई लिवाया लागल्या... सिलेक्ट! सिलेक्ट टाकलं ताईंनी! आता ताई थांबल्या. ताई इचार करत्यात. काय हुनार? काय हुनार? स्वल्पविराऽऽऽम! ताईंनी स्वल्पविराम टाकला मंडळी!”

हलगीवाल्याने एक थाप दिली.

मी आयुष्यभर बंद खोलीत क्वेरी लिहिल्या आहेत. पाठीशी फार तर कॉफीचा वास असायचा. त्या दिवशी मी ‘ज्यांची वेळ रिकामी आहे त्यांना वगळ’ अशी एक साधी ओळ लिहिली, आणि प्रत्येक शब्दाला टाळी पडली. मधे एक अक्षर चुकलं म्हणून खोडलं, तर बाया हळहळल्या. “ताई माघारी फिरल्या! पन ताई दमायच्या न्हाईत!” शेवटी अर्धविराम टाकला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी माझ्या दिशेने हात जोडले. आमच्या धंद्यात एवढा सन्मान कुणाच्याही वाट्याला आला नसेल, आणि तो एका अर्धविरामासाठी.

मी कळ दाबली. एक ओळ आली.

“घाटाचा राजाऽऽऽ!” बाळूभाऊंनी श्वास घेतला, “परंदवडीचा हिराऽऽऽ! मालक...” आणि बाळूभाऊ अडखळले. त्यांनी पडद्याकडे पुन्हा बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदा अलंकाराशिवाय बोलले. “मालक, सौभाग्यवती वैशाली.”

सोपानरावांनी वर केलेले हात वरच राहिले. “नाव चुकलंय! हिरा माजा हाय!”

नोंदणीच्या टेबलामागून वैशाली सासऱ्यांकडे बघत उभी राहिली. आवाज बारीक होता, पण टेबलावरही एक माईक होता. “मामा, दाखल्यावर नाव माझं हाय. डॉक्टर बैलाच्या कानाला टॅग मारायला आले, तवा तुमी फस्ट शिफ्टला गेलता. त्यांनी विचारलं, कुणाच्या नावानं करू? आणि हिरा माझं आंदणच हाय.”

“व्हय की!” भंडाऱ्याने पिवळे झालेले आबा गर्दीतून उसळले. “लग्नात वासरू म्या दिलतं आंदान! म्हंजी बैल वडिवळ्याचाच!”

“आन पेंड कुनी घातली?” सोपानराव त्यांच्या अंगावर गेले. “दोन टायमाला पेंड, त्याल, मालिश! परंदवडीचं पानी पिऊन पळाला त्यो!”

“पेंडीचा मुद्दा आलाय मंडळी!” बाळूभाऊ.

“आंदण एकदा दिलं की ते लेकीचं असतं, आबा,” वैशाली म्हणाली. “आणि पेंड मीच भिजवते, मामा.”

खाली बसलेल्या बायकांकडून अशी टाळी आली की हलगीवाला गप्प झाला. पैज सगळ्या पाहुण्यांनी ऐकलेली होती. ज्याचा बैल घाटाचा राजा, त्याने नाव ठेवायचं. पैजेत आजोबाच पाहिजेत असं कुणी म्हटलं नव्हतं. दोन्ही व्याही एकमेकांकडे बघत राहिले. आणि दोघेही हरलेत हे ध्यानात आल्यावर, मी सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. हरण्याचं दुःख नव्हतंच त्यांना. समोरचा जिंकला तर काय, एवढीच धास्ती होती.

उरला भंडाऱ्याचा प्रश्न. अध्यक्ष माझ्याजवळ येऊन पुटपुटले, “ताई, आबांचं नाव कुठल्यातरी यादीत पयलं येईल, असं काय करता येतंय का तुमच्या त्या खिडकीत?”

येत होतं. मी क्वेरी उलटी केली. ज्यांची वेळ रिकामी आहे, तेवढेच दाखव. घाटात अर्ध्यातून माघारी फिरलेले चार-दोन गाडे आले. त्यांत तुफान वरती.

“न पोचलेल्यांत पयलाऽऽऽ!” बाळूभाऊ पुन्हा शेजारच्या गावातून बोलू लागले, “ज्याला घाई न्हाई, ज्याला हाव न्हाई, त्यो वडिवळ्याचा तुफाऽऽऽन!”

“पयला त्यो पयला,” आबा म्हणाले आणि त्यांनी उरलेला भंडारा सोपानरावांच्या बोडक्या डोक्यावर ओतला.

विनायकने घाईघाईने माझी नवी ओळ प्रोग्राममध्ये घालून आपलं बटण दाबलं. पडद्यावर चांदण्या उडाल्या, तुतारी वाजली, फेटा गरगर फिरला. कुणीही वर बघितलं नाही. निकाल सगळ्यांना थेंबातच कळला होता. आजही तो मधूनच विचारतो, “फेटा बरा फिरत होता ना गं?” मी फिरत होता म्हणते.

कारण त्या वेळी सगळी यात्रा वैशालीकडे बघत होती. बाळूभाऊ माईक घेऊन टेबलाशी गेले. आबा आणि सोपानराव दोन्ही बाजूंनी कान लावून उभे. “बोला वहिनी,” बाळूभाऊ म्हणाले, “सगळ्या घाटाला ऐकू द्या. काय नाव ठिवायचं बाळाचं?”

वैशाली लाजली, माझ्याकडे बघून हसली आणि माईकमध्ये म्हणाली, “आत्ताच नाही सांगणार. मनात दोन-तीन आहेत. आधी घरी हाक मारून बघते. कशाला वळून बघतंय ते बघते, मगच ठेवते.”

घाट गप्प झाला. बायकांनी माना डोलावल्या. सोपानरावांनीही डोलावली. आणि त्या शांततेत, माईक अजून सुरू आहे हे ध्यानात न राहून, आबांचा आवाज सगळ्या मावळाला ऐकू गेला:

“मग तवर रिकामं कशाला ठिवता? तुफान म्हना की!”